व्होरोन्त्सोव्हच्या गाड्या

आमचे एक साहित्यरसिक स्नेही आहेत. रशियन वाङ्मयावरचे त्यांचे प्रेम जुने आणि व्यासंगही तितकाच जुना. अलीकडे टॉलस्टॉयच्या ‘हाजी मुराद’वर बोलताना त्यांनी ओघात, आणि त्या ओघाला टाळ्या मिळू लागल्या म्हणून काहीशा चढ्या स्वरात, असे विधान केले की, कॉकेशसचा राजप्रतिनिधी प्रिन्स मिखाईल व्होरोन्त्सोव्ह हा केवळ वाडवडिलांच्या पुण्याईवर सेनापतिपदाला पोचलेला एक दरबारी असामी होता, तलवार त्याच्या कमरेला शोभेपुरती होती, आणि पराभवाची बातमी विजयाच्या खलित्यात घालून पाठविण्याची विद्या तेवढी त्याला उत्तम साधली होती. पुष्ट्यर्थ त्यांनी दोन साक्षीदार उभे केले, पुश्किन आणि टॉलस्टॉय. असे साक्षीदार उभे राहिल्यावर कोणते न्यायासन आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याच्या भानगडीत पडेल? सभा संपली, चहा झाला, आणि पन्नास वर्षे फौजेत आणि कारभारात घालविलेला एक माणूस अर्ध्या मिनिटात निकालात निघाला. मला तो निकाल मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम साक्षीदारांची पत पाहू. त्यांच्या प्रतिभेची नव्हे, साक्षीची. १८२३ च्या उन्हाळ्यात पुश्किन ओदेसाला आला तो हद्दपारीत असलेला एक तरुण नोकर म्हणून. व्होरोन्त्सोव्ह त्या मुलुखाचा नवा गव्हर्नर-जनरल आणि पुश्किन त्याच्या दप्तरातला कर्मचारी. दप्तराच्या मुख्याला कविता करणारा कारकून नको होता आणि कवीला दप्तराचा शिरस्ता नको होता. त्यातच साहेबांच्या पत्नीवर, काउंटेस एलिझावेतावर, कवीचे मन जडले. पुढच्या वर्षी वरिष्ठांकडून हुकूम सुटला की, टोळधाड कोठवर पोचली आहे याची पाहणी करून अहवाल द्यावा. रशियाच्या सर्वश्रेष्ठ कवीला टोळ मोजायला धाडणारा अधिकारी साहित्याच्या इतिहासात कधीच क्षमेला पात्र होणार नाही, आणि व्हावा असे माझेही म्हणणे नाही. व्होरोन्त्सोव्हने त्याला ओदेसातून हलवावे म्हणून वर लिहिले हेही खरे. पण त्या चिडीतून पुश्किनने लिहिलेल्या, व्होरोन्त्सोव्हच्या इंग्रजी वळणाची आणि व्यापारी वृत्तीची टवाळी करणाऱ्या चार ओळींना सेनानायकाच्या गुणावगुणांचा दाखला म्हणून वाचणे म्हणजे घरमालकाशी भांडलेल्या भाडेकरूकडून घराच्या पायाची मजबुती ठरवून घेणे आहे. बोरोदिनोची लढाई झाली तेव्हा पुश्किन तेरा वर्षांचा विद्यार्थी होता. कॉकेशसमधल्या १८४५ च्या दार्गोच्या मोहिमेच्या वेळी टॉलस्टॉय सोळा वर्षांचा होता. तो कॉकेशसमध्ये आला १८५१ साली, आणि ‘हाजी मुराद’ लिहायला बसला तो त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने. दोघांपैकी एकानेही हा मनुष्य तोफेच्या माऱ्याखाली उभा असलेला पाहिलेला नाही.

आता वाडवडिलांच्या पुण्याईकडे वळू. ती होती, आणि अफाट होती. व्होरोन्त्सोव्ह घराणे रशियातील अग्रगण्य सरदार घराण्यांपैकी एक. बाप सेम्योन लंडनमध्ये रशियाचा वकील, त्यामुळे १७८२ साली जन्मलेला हा मुलगा वाढला इंग्लंडात. त्या काळच्या रशियन शिरस्त्याप्रमाणे पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या या पोराचे नाव शाही गार्डाच्या पलटणीत दाखल झाले होते. चौथ्या वर्षी तो कागदोपत्री अधिकारीही झाला. आपल्याकडेही अल्पवयीन वारसाच्या नावे सरंजामाची सनद चालत असे, तेव्हा या प्रकाराचे नवल मराठी वाचकाला वाटू नये. सोळाव्या वर्षी त्याला दरबारी कामेरहेर हा हुद्दा मिळाला, आणि रशियन मानपानाच्या कोष्टकात तो हुद्दा मेजर-जनरलच्या तोडीचा होता. म्हणजे त्याने नुसते दरबारातून फौजेत येतो म्हटले असते, तर एकही गोळी न झाडता तो जनरल होऊन आला असता. या तरुणाने काय केले? तो उच्च हुद्दा बाजूला ठेवून त्याने लेफ्टनंट म्हणून फौजेत घ्यावे अशी विनंती केली आणि १८०१ साली त्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. घराण्याच्या शिडीने वर चढणारे पुष्कळ पाहिले. त्याच शिडीने खाली उतरणारा हा विरळा. स्नेह्यांच्या व्याख्यानात ही गोष्ट आली नाही. त्यांना ती ठाऊक नसेल असे मी म्हणत नाही; टाळ्यांच्या ओघात राहून गेली असावी.

१८०३ मध्ये तो आपण होऊन कॉकेशसला गेला आणि गंज्याच्या वेढ्यात जायबंदी झालेल्या कोत्ल्यारेव्हस्की नावाच्या सोबत्याला त्याने एका शिपायाच्या मदतीने माऱ्याखालून बाहेर काढले. तो शिपाई तेथेच पडला. पुढील वर्षांत पुल्तुस्क, फ्रीडलांड, आणि मग डॅन्यूबकाठी तुर्कांशी झालेले युद्ध. या मधल्या मजला मी झपाट्याने ओलांडतो, कारण खरी कसोटी पुढे आहे.

७ सप्टेंबर १८१२. बोरोदिनोच्या मैदानात सेम्योनोव्स्कोये गावापुढे मातीचे जे घाईघाईने उभारलेले मोर्चे होते, त्यांच्या रक्षणासाठी बाग्रातिओनच्या सैन्यातून ग्रेनेडियरांची एक डिव्हिजन तैनात झाली होती आणि तिचा प्रमुख होता तीस वर्षांचा मेजर-जनरल व्होरोन्त्सोव्ह. नेपोलियनचा पहिला आणि सर्वांत निर्दय प्रहार याच ठिकाणी होणार हे सकाळच्या धुक्यातही दिसत होते. शंभराहून अधिक तोफा त्या टेकाडावर रोखलेल्या. पायदळाच्या लाटांमागून लाटा. मोर्चा हातचा गेला की संगिनींनी परत घ्यायचा, पुन्हा गेला की पुन्हा घ्यायचा. अशाच एका प्रतिहल्ल्यात पुढे असताना व्होरोन्त्सोव्हच्या मांडीत गोळी शिरली. सकाळी सुमारे चार हजार असलेली ती डिव्हिजन दुपारी हजेरी घेतली तेव्हा तीनशेच्या आत उरली होती, आणि अठरा वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी उभे राहण्याजोगे तिघे. त्याची डिव्हिजन नाहीशी झाली, पण रणांगणातून नव्हे, रणांगणावर, अशा आशयाचे त्याचे उद्गार रशियन इतिहासात नोंदलेले आहेत. दरबारी माणसाला बोलायला सुचते हे मान्य. पण हे वाक्य बोलण्याचा अधिकार मिळवायला मांडीत गोळी असावी लागते.

आणि आता त्या गाड्या. जखमी व्होरोन्त्सोव्हला मॉस्कोला आणले, तेव्हा त्याच्या वाड्यापुढे गावाकडून बोलावलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती. शहर पडणार हे उघड झाले होते, म्हणून घराण्याचा पिढीजात ऐवज, चित्रे, ग्रंथसंग्रह, भांडीकुंडी सुरक्षित स्थळी हलवायची तयारी चालली होती. त्याच वेळी मॉस्कोचे रस्ते बोरोदिनोहून आलेल्या घायाळांनी भरले होते, आणि त्यांना वाहून न्यायला पुरेसे वाहन सरकारजवळ नव्हते. व्होरोन्त्सोव्हने हुकूम दिला की, गाड्यांतला सारा माल उतरवून ठेवा आणि माणसे भरा. माल मॉस्कोतच राहिला. गाड्या व्लादिमिर प्रांतातील आंद्रेयेव्स्कोये या त्याच्या जहागिरीच्या गावी गेल्या, आणि तेथे पन्नासच्या आसपास अधिकारी व तीनशे शिपाई त्याच्या खर्चाने बरे होईपर्यंत राहिले. अंथरूण, औषध, वैद्य, जेवण, सारे त्याच्या पदरचे. ‘युद्ध आणि शांती’मधल्या रोस्तोव्ह कुटुंबाने गाड्या रिकाम्या केल्या तो प्रसंग वाचताना आमचे स्नेही डोळे पुसतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कादंबरीतील गाडीसाठी अश्रू आणि इतिहासातील गाडीसाठी उपहास, ही वाटणी मला तरी समजत नाही.

क्राओनची गोष्ट लष्करी दृष्ट्या याहून मोलाची आहे. ७ मार्च १८१४ रोजी फ्रान्सच्या भूमीवर, एका अरुंद पठारावर, व्होरोन्त्सोव्ह सुमारे पंधरा-सोळा हजार पायदळानिशी प्रत्यक्ष नेपोलियनसमोर उभा राहिला. दोस्तांचा प्रशियन सेनापती ब्ल्यूखर याने आखलेला मूळ बेत असा की, व्होरोन्त्सोव्हने समोरून थोपवून धरावे आणि मोठ्या घोडदळाने वळसा घालून शत्रूच्या पिछाडीवर पडावे. घोडदळ वाटेतच अडकले, वळसा फसला, आणि थोपवून धरणाऱ्याला तेवढे थोपवून धरणे शिल्लक राहिले. दोन्ही बाजूंचे मिळून दहा हजारांच्या घरात लोक पडले. माघारीचा हुकूम आला तेव्हा भर माऱ्यात, चौकोनी व्यूह करून, एका फळीने दुसरीला आधार देत तो पठारावरून मागे आला, आणि मागे एक तोफ म्हणून सोडली नाही. त्याच दिवशी त्याचा सहकारी काउंट स्त्रोगानोव्ह याचा एकुलता तरुण मुलगा तोफगोळ्याने ठार झाला. बापाच्या हातून फौजेची सूत्रे सुटली, तेव्हाही ती व्होरोन्त्सोव्हनेच आवरली. चढाई करणारे सेनापती गावोगाव सापडतात. मागे येताना फौज फौजच ठेवणे, तिचा बाजारबुणगा होऊ न देणे, ही विद्या ज्याला साधली तोच खरा सेनानी, हे पानिपत पचविलेल्या लोकांना तरी कोणी शिकवायला नको.

नेपोलियन पडल्यावर फ्रान्समध्ये दोस्तांची जी ताबेदारी फौज राहिली, तिचा सरसेनापती होता वेलिंग्टन, आणि तिच्यातील सुमारे तीस हजारांच्या रशियन कोअरचा प्रमुख होता व्होरोन्त्सोव्ह. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या असईच्या मैदानावर १८०३ साली शिंद्यांच्या कवायती पलटणींशी झुंजलेला तोच वेलस्ली. त्याच वर्षी व्होरोन्त्सोव्ह कॉकेशसच्या वाटेला लागला होता, आणि दोघांची गाठ पडली ती अशी, उत्तर फ्रान्सच्या चिखलात. मोबेझच्या छावणीत व्होरोन्त्सोव्हने काय केले ते त्याच्या ‘इंग्रजी वळणा’ची टवाळी करणाऱ्यांनी मुद्दाम पाहावे. त्याने शिपायांसाठी लँकेस्टर पद्धतीच्या शाळा काढल्या. वरच्या विद्यार्थ्याने खालच्याला शिकवावे ही ती पद्धत, जिचे भावंड अँड्र्यू बेलने आपल्या मद्रासेत मांडले होते. छडीमाराच्या शिक्षेला त्याने आळा घातला, आणि ज्या शिपायाला कधी मार बसलेला नाही त्याच्याच ठायी मानाची चाड अधिक असते असे आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावले. ज्या फौजेत काठीवाचून कवायत शिकवता येते ही कल्पनाच पाखंड समजली जाई, त्या फौजेत एका सरदारपुत्राने हे करावे, याचा परिणाम असा झाला की, पीटर्सबर्गमध्ये त्याच्या कोअरवर जॅकोबिन वाऱ्याचा संशय बसला आणि स्वदेशी परतल्यावर तिचे तुकडे करून ती विखुरली गेली. १८१८ मध्ये निघण्यापूर्वी त्याने आपल्या अधिकाऱ्यांनी फ्रेंच सावकारांकडे, दुकानदारांकडे आणि खाणावळवाल्यांकडे करून ठेवलेल्या कर्जाची यादी मागविली. आकडा पंधरा लाख रुबलांच्या आसपास निघाला. आत्याकडून वारशाने आलेली क्रुग्लोये ही जहागीर विकून त्याने तो फेडला. व्यापारी वृत्तीचा म्हणून ज्याला हिणवले, त्याचा हा एक व्यवहार.

१८२८ मध्ये वार्नाच्या वेढ्याचा प्रमुख मेन्शिकोव्ह जखमी झाला, व्होरोन्त्सोव्हने सूत्रे घेतली आणि ऑक्टोबरात किल्ला पडला. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. वेढा ही चिकाटीची बाब आहे, आणि ती त्याच्यापाशी होती.

आता दार्गो. येथे प्रतिवाद करणाऱ्याची लेखणी अडखळली पाहिजे, माझीही अडखळते. १८४४ च्या अखेरीस झार निकोलसने बासष्ट वर्षांच्या व्होरोन्त्सोव्हला कॉकेशसचा राजप्रतिनिधी नेमले. झारला घाई होती. रशियाशी झुंजणाऱ्या डोंगरी लोकांचा पुढारी इमाम शामील, त्याचे ठाणे जे दार्गो, ते एका उन्हाळ्यात एका तडाख्यात उद्ध्वस्त व्हावे असा त्याचा हट्ट होता. त्या डोंगरांत आयुष्य झिजविलेले स्थानिक सेनापती या बेताला अनुकूल नव्हते. व्होरोन्त्सोव्हने त्यांचे म्हणणे ऐकले आणि हुकूम शिरसावंद्य मानला. १८४५ च्या जुलैत सुमारे दहा हजारांची फौज घेऊन तो इच्केरियाच्या अरण्यातून झाडांचे अडसर एकेक करून जिंकत दार्गोला पोचला, तेव्हा दार्गो जळत होते. शामीलने ते स्वतःच्या हाताने पेटवून दिले होते आणि तो समोरच्या कड्यांवर, झाडीत, वाट पाहत बसला होता.

मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागू नये. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावाला आली, तेव्हा तिलाही गाव जळालेलेच सापडले. रसद तुटली, अवजड तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार सुरू झाली, आणि वडगावला महादजी शिंद्यांनी कोंडी पुरी केली. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याच्या हाती राख द्यावी, आणि परतीच्या वाटेवर हिशेब चुकता करावा, ही गनिमी काव्याची रीत सह्याद्रीने शिकविली तशीच चेचेन्याच्या बीच वृक्षांनीही शिकविली. दार्गोत धान्य संपले. रसदीचा काफिला मागे जंगलापलीकडे येऊन थांबला होता. तो आणण्यासाठी प्रत्येक पलटणीतून निम्मी माणसे काढून जनरल क्ल्यूगेनाऊच्या हाताखाली परत पाठविली. आले त्याच जंगलातून जाणे, आणि ओझी घेऊन पुन्हा त्याच जंगलातून येणे. आदल्या आठवड्यात मोकळे केलेले अडसर पुन्हा उभे राहिले होते. दोन दिवसांत जनरल व्हिक्तोरोव्ह आणि जनरल पास्सेक पडले, शेकडो शिपाई पडले, आणि आणलेल्या धान्यापैकी फारच थोडे छावणीत पोचले. शिपायांनी त्या फेरीला वाळल्या पावाची मोहीम असे नाव दिले. शिपायांची अशी नावे इतिहासकारांच्या प्रकरणांपेक्षा नेमकी असतात.

मग तंबू आणि जास्तीचे सामान नष्ट करून, जखमींना वाहून नेण्याची सोय करून, फौज दुसऱ्या बाजूने, गेर्झेल-औलच्या दिशेने निघाली. वाटेत दारूगोळा संपत आला आणि जखमींचे ओझे इतके वाढले की पुढे सरकणे अशक्य होऊन ती एका जागी खिळून राहिली. वेगवेगळ्या वाटांनी गुप्तपणे धाडलेल्या निरोप्यांपैकी काही ग्रोझ्नीला जनरल फ्रायटागकडे पोचले, तो धावून आला, आणि फौज वाचली. हिशेब असा निघाला: तीन जनरल ठार, दोनशेच्या जवळपास अधिकारी आणि साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई मृत वा जखमी. त्यानंतर थोड्याच दिवसांत झारने व्होरोन्त्सोव्हला प्रिन्स ही पदवी दिली.

टॉलस्टॉयने या प्रकरणावर जो डाग दिला तो येथे. ‘हाजी मुराद’मधल्या तिफ्लिसच्या मेजवानीत एका जनरलच्या तोंडून ‘सुटका’ हा शब्द निसटतो आणि टेबलाभोवती अवघडलेपण पसरते. तो प्रसंग खरा मानायला माझी हरकत नाही. कलावंताने नेमके दुखरे ठिकाण दाबले आहे. दार्गोला विजय म्हणविले गेले आणि व्होरोन्त्सोव्हने ते म्हणवू दिले, हे त्याच्या चरित्रातले सर्वांत हिणकस पान. पण आमच्या स्नेह्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष, हा दरबारी असल्यामुळे अडाणी सेनापती होता हा, चुकीचा आहे. खरा आरोप याहून गंभीर आहे. तो अडाणी नव्हता. क्राओन लढलेल्या माणसाला माघारीची किंमत ठाऊक होती, आणि जंगलातली लढाई काय असते हे त्याने एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच याच कॉकेशसमध्ये पाहिले होते. त्याच्या हाती राजप्रतिनिधीचे अधिकार होते, वय होते, कीर्ती होती, गमावण्यासारखे काही उरले नव्हते. झारला ‘हे होणार नाही’ असे सांगू शकणारा त्या साम्राज्यात एखादा असेल तर तो हाच होता. त्याने ते सांगितले नाही. अडाणीपणाला क्षमा असते. जाणत्याच्या होकाराला नसते. आणि पदवीचे म्हणाल, तर तिने झारने व्होरोन्त्सोव्हचा गौरव केला त्याहून अधिक स्वतःच्या बेताचा केला. बेत झारचा, मग तो फसला असे म्हणण्याची छाती कोणाची?

दार्गोवर पडदा टाकून स्नेही थांबले, पण व्होरोन्त्सोव्ह थांबला नाही. एका तडाख्याची भाषा त्याने सोडून दिली. १८४७ मध्ये गेर्गेबिलवरचा हल्ला फसला, तेव्हा तो उठून साल्ती गावापुढे बसला आणि कित्येक आठवड्यांच्या वेढ्याने ते घेतले. आणि चेचेन्यात त्याने बंदुकीपेक्षा कुऱ्हाड अधिक वापरली: हिवाळ्यात, झाडे निष्पर्ण असताना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोळीच्या टप्प्याइतके रान साफ करायचे, पुढे एक ठाणे बांधायचे, पुन्हा तोडायचे. या कामात ना कवीला रस ना दरबाराला. दार्गोच्या वाटेवर जखमी झालेला तरुण प्रिन्स बार्यातिन्स्की याच पद्धतीत तयार झाला, आणि पुढे त्यानेच ती तडीस नेऊन १८५९ मध्ये गुनिबच्या डोंगरावर शामीलची शरणागती घेतली.

येथे एक खुलासा केला नाही तर अन्याय होईल. ज्याचे रान तोडले गेले आणि ज्याचे गाव जाळले गेले, त्या डोंगरी माणसाच्या दृष्टीने कुऱ्हाडीचा व्होरोन्त्सोव्ह हा दार्गोच्या व्होरोन्त्सोव्हपेक्षा अधिक भयंकर होता. आम्ही स्वतः जिंकले गेलेल्यांच्या पंगतीत बसलेले लोक. साम्राज्याच्या सेनापतीचे कौशल्य वाखाणताना घास घशात अडकतो, आणि तो अडकावाच. मी त्याच्या कार्याचे समर्थन करीत नाही, त्याच्या कर्तबगारीची नोंद दुरुस्त करतो आहे. आणि ‘तो नालायक होता’ म्हणून शामीलच्या पराक्रमाचे मोल वाढते असे ज्यांना वाटते त्यांना विचारतो की, नालायकाला जंगलात कोंडण्यात कोणता मोठा पराक्रम? शामीलने कोंडले ते क्राओनच्या सेनापतीला, हेच शामीलचे खरे मोठेपण.

व्होरोन्त्सोव्ह १८५४ मध्ये निवृत्त झाला, १८५६ मध्ये फील्डमार्शल झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ओदेसात वारला. कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले आणि १८६३ मध्ये शेजारच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. क्रांतीनंतर कॅथीड्रल १९३६ साली सुरुंगाने उडविले गेले आणि अस्थी गावाबाहेरच्या दफनभूमीत हलविण्यात आल्या. पुन्हा उभारलेल्या कॅथीड्रलात त्या परत आल्या त्या २००५ मध्ये. पुतळा मात्र जागचा हलला नाही. त्याच्या चौथऱ्यावर क्राओन आणि वार्ना कोरलेले आहेत. आणि सोव्हिएत काळात त्याच चौथऱ्यावर एक पाटी ठोकण्यात आली होती, जिच्यावर पुश्किनच्या त्या चार ओळी होत्या.